विंचूकाकूंचं बिऱ्हाड

विंचूकाकू बसल्या जागी घाट चढायच्या. सभागृहातली खुर्ची असो की आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल, समोरचा माणूस मुद्द्यावर यायला वेळ लावू लागला की त्यांचा डावा पाय जमिनीत दाबला जायचा, डावी मूठ मांडीशेजारून मागे ओढली जायची आणि त्या पुटपुटायच्या, "दुसरा टाक बाबा, दुसरा टाक. बंद पडेल गाडी." आमच्या एका सभेत पाहुण्यांचं भाषण त्यांनी असं पार पहिल्या गिअरपर्यंत उतरवत आणलं होतं. शेजारी बसून मला हसू आवरेना, आणि मी तर सभेची निमंत्रक.

काकू भूगोल शिकवायच्या. नोकरी संपली, काका आधीच गेले होते, मुलगा पुण्यात. अशा वेळी बायका तीर्थयात्रेच्या बसमध्ये नाव घालतात. काकूंनी एक जुनी मिनीबसच घेतली. रीतसर परवानगी काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली आणि फिरतं घर तयार केलं. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" काकूंनी रंगारी बोलावला आणि गाडीच्या मागच्या दारावर हातभर विंचू काढून घेतला. काळा कुळकुळीत, आठही पाय पसरलेला, नांगी वर वळलेली. "नाव ठेवलंच आहे, तर लांबून वाचता येऊ दे," म्हणाल्या. टोमणा मारणाऱ्यांचं तोंड असं बंद करता येतं, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी त्या दारानं शिकवलं.

मी पत्रकांत वाढले. आई चळवळीतली, उरलेल्या पत्रकांवर आमच्याकडे मेथी निवडली जायची आणि कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. 'धिक्कार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता येत होता. मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक मोठ्या अभिमानानं काकूंना दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला.

"रेस भरपूर केलीयेस," त्या म्हणाल्या, "पण क्लच सोडलेलाच नाही. आवाज मोर्चाचा, गाडी जागेवर. वाचणाऱ्या बाईनं नेमकं काय करायचं, ते सांग की आधी!"

मी रात्रभर चिडून होते. सकाळी वरचे दोन परिच्छेद कापले.

सुट्टीच्या दिवशी त्या मला पेठकडे घेऊन जायच्या. बाजाराच्या दिवशी गाडी कडेला लावली की बायका दारातून आत डोकावायच्या. "बाय, घर हाय का गाडी हाय?" एकीनं विचारलं. "भांडण झालं की गाडी, मिटलं की घर," काकू म्हणाल्या. ती बाई इतकी हसली की डोक्यावरची पाटी खाली ठेवून आत येऊन बसली आणि चहा पिऊनच गेली.

कोटंबीच्या घाटात मात्र काकू कामापुरतंच बोलायच्या. ओझ्याची गाडी, जड क्लच, हाताला ओढ देणारा गिअरचा दांडा. त्यांची सगळी काया एखाद्या गवयासारखी एकाग्र व्हायची. इंजिनाचा आवाज बदलायच्या आधीच त्यांचा पाय दाबला गेलेला असायचा. "ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं," हे त्यांचं वाक्य. "ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही." मागून एखादी चकचकीत मोटार हॉर्न मारत राहिली तर त्या आरशात बघून म्हणायच्या, "ऑटोमॅटिक दिसतेय. ती गाडी नव्हे गं, पाळणा. आपण बसायचं आणि कुणीतरी हलवायचं."

हे वाक्य मी सोडणार होते थोडीच! बायकांना ड्रायव्हिंग शिकवण्याच्या आमच्या शिबिरासाठी मी पत्रक काढलं: 'पाळण्यातून उतरा! आपला गिअर आपण टाका!' क्लच म्हणजे निर्णय, गिअरचा दांडा म्हणजे सत्ता, आणि आपोआप बदलणारा गिअर म्हणजे गोड बोलून घेतलेलं स्वातंत्र्य, असं सगळं त्यात होतं. आजही त्यातल्या बऱ्याचशा भागाशी मी सहमत आहे.

आणि मग काकूंचा डावा गुडघा गेला.

एकाएकी नाही. आधी जिना उतरताना कळ यायची, मग सिग्नलला क्लच दाबून धरताना ओठ आवळले जायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही गाडी आता चालवायची नाही. पुण्याहून मुलगा आला. तो वाईट नव्हता, काळजीत होता. निफाडकडच्या एका द्राक्षबागेच्या मालकाला ती गाडी हवी होती. चाकं काढून, विटांवर चढवून पर्यटकांची खोली करायला.

"आई, तुझं बिऱ्हाड द्राक्षांच्या सावलीत राहील. तू केव्हाही जाऊन बस की तिथं."

"विटांवर?" काकू एवढंच म्हणाल्या.

तो शब्द त्यांना का लागला, ते मला माहीत होतं. पलंगाच्या वर त्यांनी शाळेतला जुना नकाशा लावला होता. त्र्यंबकपासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत गोदावरीवर बोट फिरवून फिरवून त्या जागी कागदाची लकाकी गेली होती. "ही नदी मी फळ्यावर दरवर्षी समुद्रात नेऊन सोडली," त्या सांगायच्या, "आणि स्वतः नांदेडच्या पुढं गेले नाही. या गाडीनं जायचंय." ती गाडीच आता विटांवर चढणार होती.

मी त्यांना लढायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, व्यायाम करा, हटू नका. काकूंनी ऐकून घेतलं. डावा पाय हलला नाही. आणि पुढच्या महिन्यात त्यांनी जुनी गाडी द्राक्षबागेला देऊन टाकली आणि त्याच मापाची, आत तसंच घर बसवलेली दुसरी आणली. ऑटोमॅटिक.

"काकू, शरण गेलात!" मी दारातूनच म्हणाले.

"कुणाला गं?"

"गिअरबॉक्सला! पाळणा कोण म्हणत होतं?"

"मीच. आणि चुकीचं नाही म्हटलं. पण मला सांग, मला समुद्रापर्यंत जायचंय की क्लच दाबायचाय?" त्या खाली बसल्या, गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला. "विंचवाला आठ पाय असतात. एक दुखला म्हणून तो विटांवर चढून बसतो का?"

माझ्याकडे पत्रकभर उत्तर होतं. ते बाजूला ठेवून मी त्यांचे कप नव्या गाडीच्या कपाटात लावायला घेतले.

पहिल्या फेरीला मीच सोबत होते. कॉलनीच्या वळणावर काकूंचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला. क्लच नव्हताच. सगळ्या जोरानिशी तो बसला रुंद ब्रेकवर. मी पट्ट्यात लटकले, मागे कपाटातले कप फुटले आणि दुधाचं पातेलं थेट पलंगावर. मागच्या रिक्षावाल्यानं काकूंच्या सात पिढ्यांची चौकशी केली. काकूंनी गाडी बाजूला घेतली, डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली टाकली आणि पायाला म्हणाल्या, "तू रिटायर. भत्ता मिळेल, काम करायचं नाही." त्यानंतर तो अनवाणी पाय टाच टेकवून गप्प बसायला शिकला. आठवडा गेला त्यात. रोज सकाळी मोकळ्या मैदानात, विद्यार्थिनीसारख्या, त्या थांबायचा आणि निघायचा सराव करत होत्या.

मग कोटंबी. उतार लागला तशी गाडी आपल्या मनानं वरच्या गिअरमध्ये जाऊन मोकळी पळू लागली. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा! काकूंनी शांतपणे दांडा हातानं गिअर बदलायच्या खाचेत ओढला, दुसरा गिअर आणला आणि तिथंच धरून ठेवला. इंजिन घुमलं, गाडी लगामात आली.

"गाडी आपोआप चालते," रस्त्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "घाट आपोआप उतरत नाही. लिही हे कुठंतरी."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून 'आपला गिअर आपण टाका'चा उरलेला गठ्ठा मागून नेला. नवे कप त्यात एकेक गुंडाळले. "तुझं लिखाण पहिल्यांदाच धक्का सोसायच्या कामी येतंय," म्हणाल्या आणि माझ्या गालाला शाईचा हात लावला.

सकाळी सगळी कॉलनी फाट्यावर उभी होती, टोमणा मारणारे त्यात पहिले. मुलगाही आला होता; टायरची हवा त्यानं स्वतः तपासली. काकूंनी खिडकीतून हात केला. गाडी धक्का न देता, कसलाही आवाज न वाढवता सुटली, तशी मी कुठलीच गाडी सुटताना पाहिली नव्हती.

मागच्या दारावर नवा विंचू होता. शेजारचे काका डोळे बारीक करून म्हणाले, "रंगाऱ्यानं चूक केली की गं. एक पाय कमी काढलाय."

मी मोजले. डावीकडे तीन, उजवीकडे चार. नांगी पूर्वीपेक्षा उंच. आणि विंचू पूर्वेकडे निघाला होता.