क्लिओपात्राला बसवायचं नाही

फेब्रुवारीत लिओ हॅलुष्का गेला. एप्रिलमध्ये बेसबॉलचा मोसम तोंडावर आला, तेव्हा थॅडियस ब्रोझेकला प्रश्न पडला, की लिओच्या संघाचं आता करायचं काय?

हा मोसम मैदानावरचा नव्हता, टेडच्या तळघरातला होता. थॅडियसला सगळा गाव टेडच म्हणायचा. नदीकाठचा पोलादाचा कारखाना बंद पडला, त्या वर्षी घरी बसलेल्या चार मित्रांनी वेळ जावा म्हणून हा खेळ रचला. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर जगातली नामांकित माणसं, दोन फासे, आणि फासे सांगतील तसा सामना. टेडच्या संघात लिंकन, उंच म्हणून पहिल्या बेसवर. लिओकडे गॅलिलिओ, त्याला आभाळाकडे बघायची सवय म्हणून लांब सीमेवर. कोलंबस धावला की भलत्याच बेसवर पोचायचा, आणि दरवेळी चौघे तितकेच हसायचे. पुढे चौघांतला एक वारला, एक फ्लोरिडाला मुलाकडे गेला तो तिकडचाच झाला. टेडनं लग्न केलं नव्हतं. त्याला उरला फक्त लिओ.

लिओची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, क्लिओपात्रा. सातव्या डावानंतर पिचर दमतो आणि फासे बॅटरच्या बाजूला झुकतात, असा नियमच होता. शहाण्यानं तेव्हा ताज्या दमाचा गडी आणावा. लिओ कधी आणत नसे.

"गाढवा, दमलीय ती. बसव की आता," टेड म्हणायचा.

"कारखान्यानं आपल्याला बसवलं तेव्हा बरं वाटलं होतं का तुला?" लिओ म्हणायचा. "मी कुणाला बसवणार नाही."

एवढा हट्ट करूनही तो कितीदा तरी जिंकला. टेडला मात्र इतक्या वर्षांत कप एकदाही मिळाला नव्हता. कप तरी कसला, बोलिंग क्लबनं टाकून दिलेला, एक कान तुटलेला.

शेवटी टेडनं ठरवलं, लिओचा संघ खेळेल आणि लिओसारखाच खेळेल. लिओच्या बाजूनं फासे टाकायचे तर तो उठून लिओच्या खुर्चीत जाऊन बसे. अर्धा डाव इकडे, अर्धा तिकडे. गुडघे कुरकुरायचे. लिओ जिथं चूक करायचा तिथं टेड मुद्दाम तीच चूक करी, आणि फासा वाईट पडला की लिओसारखंच "घ्या" म्हणून मान हलवी. सुरुवातीला त्याला स्वतःचंच हसू यायचं. उन्हाळा सरता सरता ते थांबलं.

ऑक्टोबरात अंतिम सामना आला तो लिओ आणि टेडमध्येच. एका रविवारी दुपारी टेड खाली उतरला. शेवटचा डाव, लिओ एका धावेनं पुढे, टेडची दोन माणसं बेसवर, एकच गडी बाद व्हायचा राहिलेला आणि बॅट लिंकनच्या हातात. क्लिओपात्रा केव्हाची दमली होती. टेड लिओच्या खुर्चीत जाऊन बसला. तिला ठेवली तर कप बहुतेक आपल्याला. पण मेलेल्या माणसाच्या हट्टाचा फायदा घ्यायचा? ती बसवली तर लिओ वाचेल, पण तो मग लिओ राहणार नाही. टेडनं फासे उचलले, परत ठेवले. मग त्यानं तिला ठेवलं आणि फासे टाकले.

लिंकननं चेंडू उंच मारला. सीमेवर गॅलिलिओनं तो झेलला.

टेडनं कप पुसला आणि टेकडी चढून लिओच्या बायकोकडे, बर्निसकडे गेला. ती कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत होती. लिओ जिंकला, असं टेडनं सांगितलं तेव्हा तिला आधी काही कळेना. मग त्यानं सगळं नीट सांगितलं, क्लिओपात्राला का ठेवली तेही. बर्निसनं हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"त्याला कळत नव्हतं असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "दर ऑक्टोबरला घरी येऊन चिडायचा. म्हणायचा, आजही ठेवली तिला, तरी टेडच्या हातून काही होत नाही. एकदा तरी कप जाऊ दे त्याच्या घरी."

"मग ते कारखान्याचं?"

"ते तुला सांगायला."

टेड कपाकडे बघत राहिला. "मला बोलला असता तर."

"बोलला असता तर घेतला असतास तू?"

बर्निसनं ताट वाढलं. त्यानं दोन घास खाल्ले आणि पोट भरलंय म्हणाला. तिनंही आग्रह केला नाही.

उतारावरून परत येताना त्याला लिओचा असा राग आला, की वाटेत थांबावं लागलं. इतकी वर्षं आपण त्याला गाढव म्हणत आलो आणि तो ऐकून घेत आला. आज गाठलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या, मग बिअर पाजली असती. पण आता गाठायचं कुणाला?

पुढच्या एप्रिलमध्ये टेड तळघरात उतरला नाही. फ्लोरिडाच्या मित्राचा फोन आला, यंदा कोण पुढे आहे, तू की लिओचा संघ, म्हणून. पावसानं सामने लांबलेत, असं टेडनं सांगितलं आणि हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.