लाल फुली

गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. त्यांनी एका बेडरूमचं होम थिएटर केलं होतं. पाच स्पीकर, एक वूफर आणि मधोमध एकच खुर्ची. टेपने मोजून तिच्या जागेवर फरशीला लाल फुली मारलेली. "खरा आवाज फक्त इथे येतो," असं सांगून ते स्वतःच तिथे बसायचे. आम्ही पाहुणे भिंतीशी गादीवर. कान आम्हालाही होते, पण ते बहुधा मोजमापात धरलेले नव्हते. अख्खा सिनेमा त्यांनी कधी दाखवला नाही. हेलिकॉप्टरचा तेवढा सीन लावायचे आणि विचारायचे, "काय? फिरलं की नाही डोक्यावरून?" आम्ही माना डोलवायचो.

एकदा त्यांचे वडील चांदवडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने सगळं धुरकट. चाचपडत आले आणि नेमके त्या खुर्चीत बसले.

"आबा, उठा. ती जागा ऐकायची आहे."

"मग बरोबर हाय की. मला दिसतंय कुठं? मी तं ऐकायलाच आलो."

"तुम्हाला नाही कळायचा फरक," म्हणत यांनी दंडाला धरून त्यांना गादीवर माझ्या शेजारी आणून बसवलं.

सीन सुरू झाला. हे खुर्चीत रिमोटशी खटपट करत होते. आबांची मान मात्र आवाजामागे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हळूहळू फिरली. आवाज थांबला तसं त्यांनी बोट दाखवलं. "दाराकडं उतरलं."

यांनी वळून मला विचारलं, "काय? फिरलं की नाही?"

मी मान डोलवली.