निर्धोक बागेतली पंचफुला

आमच्या वृद्धाश्रमाची बाग इतकी निर्धोक आहे, की तिथे पडून मरायचं ठरवलं तरी माणसाची पंचाईत होईल. पायरी एकही नाही. कण्हेर विषारी म्हणून नाही, निवडुंग टोचतो म्हणून नाही. पाय घसरू नये म्हणून वाट खरखरीत, दोन्ही बाजूंनी धरायला कठडा. नळ कोपराने ढकलला तरी सुरू होतो. वाफे विटांच्या खांबांवर उचलून कमरेइतके उंच केलेले, म्हणजे कुणाला वाकायला नको आणि चाकाच्या खुर्चीतल्याचे गुडघे खाली मावतात. वाट फिरून पुन्हा दारातच येते, विसराळू माणूस हरवू नये म्हणून. ही सगळी अक्कल मंजुषाची. अकोल्याहून शिकून आलेली पोरगी, जीव ओतून काम करते, आणि म्हाताऱ्यांच्या मनातलं आपल्याला कळतं असं तिला मनापासून वाटतं. मी एसटीत कंडक्टर होतो. मनातलं ओळखणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले.

पंचफुला आमच्याकडे आली तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. किन्हीराजाकडच्या एका गावची. तिचा बाप ग्यानबा तिथल्या मारोतरावाकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पंचफुलाही फ्रॉकच्या वयात त्याच वावरात निंदायला लागली ती केस पिकेपर्यंत. निंदताना प्रत्येक बाईला एक पट्टा ठरवून देतात, त्याला पात म्हणतात. पात मागे पडली की मारोतराव बांधावरून शिवी हासडायचा. तहान लागली की पंचफुलाने खाली बसून ओंजळ धरायची, आणि वरून लोट्याने पाणी सोडलं जायचं. लोटा तिच्या हाताला लागता कामा नये. बापाने छप्पन सालीच दीक्षा घेतलेली, घरात बुद्धाची तसबीर, पण लोटा काही खाली आला नाही. पुढे तिचा मुलगा धम्मरत्न शिकला, नोकरीला लागला, पुण्यात फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटमध्ये सोफा मावला, फ्रीज मावला, आई मावली नाही.

बागेत तिला एक वाफा मिळाला. त्यावर तिच्या नावाची पाटी. जन्मभर दुसऱ्याचं तण उपटणाऱ्या बाईच्या नावावर लागलेली ही पहिली जमीन. तिने मेथी टाकली, कडेने अंबाडी टाकली, आणि पहिले काही दिवस ती नुसती वाफ्यावर हात ठेवून बसून राहायची.

मग मारोतराव आला. लकव्याने एक हात लुळा पडलेला, डोकं साफ रिकामं. मुलगा हरीओम मोठ्या गाडीतून आला, बाप उतरवला आणि इंजिन बंदसुद्धा न करता गेला. दोघांचं गाव एकच हे कळल्यावर मंजुषाला कोण आनंद झाला. तिने त्यांचे वाफे शेजारी शेजारी दिले. "बोलतील, आठवणी निघतील," म्हणाली.

पंचफुलाने त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि मग ती हसली. तसं हसू माझ्या वाट्याला कधी न येवो.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला आपल्या वाफ्यावर कामाला लावलं. "मारोत्या, हात चालव! तुही पात मागं पडली."

"हो माय," म्हणत तो एका हाताने तण उपटायचा. तणाबरोबर मेथी निघाली की ती त्याच्या बोटांवर फटका मारायची. तहान लागली म्हणाला की लोटा भरून आणायची आणि उंच धरायची. "ओंजळ कर." एका हाताची कसली ओंजळ! निम्मं पाणी सदऱ्यावर सांडायचं, उरलेलं तो चाटून प्यायचा. लांबून पाहणाऱ्या मंजुषाला वाटायचं, आजी किती मायेने पाजतात. मला खरं ठाऊक होतं, आणि ते बघायला मला आवडायचं. उगाच कशाला खोटं बोलू?

एकदा मी म्हणालो, "बाई, त्याला तर काहीच ठाऊक नाही. मग यात मजा काय?"

"तेच तं कंडक्टरभाऊ. त्याले कळलं पायजे, कोन पाजून राह्यली ते. एकदा वळखू दे मले. मंग मी मरायले मोकळी."

म्हणून रोज पाणी सोडण्याआधी ती त्याच्या कानाशी जाऊन विचारायची, "मी पंचफुला. ग्यानबाची पंची. वळखलं काय?"

"नाही माय. पानी दे."

पूर्ण हिवाळा असाच गेला. तिला दुसरं काही नको होतं. मुलाचा फोन आला तरी ती बागेतून उठायची नाही.

प्रयागबाई म्हणून आमच्यात एक आहेत, त्यांची नजर गेली आहे. त्यांना बाक सापडेना. मंजुषाने डोकं चालवलं, कुठल्याशा गावातून बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ आणली आणि बाकाशेजारच्या खांबाला टांगली. वारा आला की आवाज होणार, आवाजावर प्रयागबाई बाकाशी पोचणार. विचार चांगलाच होता. सकाळी वारा सुटला, माळ वाजली.

मारोतरावची मान वर झाली. पाठ ताठ झाली. नजर इकडेतिकडे फिरली, पंचफुलावर आली आणि तिथेच थांबली.

"पंचे!" तो आवाज ऐकून वाटेवरचे म्हातारे जागीच थबकले. "बसली काय? बाप कुठी मेला तुहा? ऊठ, बैलायले पानी दाखव!"

"जी मालक," पंचफुला म्हणाली आणि उठली.

नळाशी गेली. बादली भरली. दुखरे गुडघे ओढत ती भरली बादली घेऊन वाटेच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे उभी राहिली. बैल कुठे होते?

मंजुषा टाळ्या वाजवत धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काकांना आठवलं! आजी, तुमचं नाव आठवलं त्यांना!" मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या, प्रयागबाईंनीसुद्धा. मारोतरावची मान तोवर पुन्हा खाली गेली होती आणि तो मेथी उपटत होता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणाच्या मुस्काटात मारावी तेच कळेना. मी जाऊन तिच्या हातातली बादली घेतली. कडीवरून तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"त्यानं वळखलं मले," ती म्हणाली.

"हो बाई."

"मंग मी उठली काहून?"

त्यानंतर ती बागेत आली नाही. काही दिवस वाट पाहून मंजुषाने तिच्या नावाची पाटी काढली आणि तो वाफा मारोतरावला जोडून दिला, कारण बागेमुळे त्याची तब्येत सुधारत होती.