काकूंना हवं होतं फक्त ईमेल

चार मराठी माणसं परदेशात एकत्र आली, की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांच्या वाट्यांसारखे ते साठत जातात. एक संपवावी तोवर मागे दुसरी सापडते! आमचा ग्रुप दर शनिवारी संध्याकाळी सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला, समुद्रकिनारी जमायचा. पोरं सायकली फिरवायची आणि आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, टेबल अडवून बसायचो. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास या टेबलावर एकच विषय वर्षभर पुरला. मालतीकाकूंचं ईमेल.

मालतीकाकू म्हणजे आमच्या समीरची आई. समीर आयटीत मॅनेजर, सिंगापुरातच तोआ पायोह भागात राहतो. काकू आणि दत्ताकाका साताऱ्याचं घर बंद करून त्याच्याकडे कायमचे राहायला आले होते. काकूंची धाकटी बहीण कुसुम मिरजेला. दोघींचा दर रविवारी फोन ठरलेला. पण एका तापाचं निमित्त झालं आणि कुसुममावशींचं ऐकू येणं जवळजवळ बंदच झालं. कानाला मशीन लावून पाहिलं, फोनवर त्याचाही उपयोग होईना.

“परवा म्हटलं, कुसुम, माझा पाय मोडलाय,” काकू आम्हाला सांगत होत्या. “म्हणाली, बरं बरं, छान! जपून राहा हं.”

आम्ही हसलो. काकूही हसल्या. मग त्या पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागल्या आणि बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मला बाई गलबलून आलं. सत्तर वर्षं जिच्याशी बोलत आलो, तिच्याशी आता बोलायचं कसं? पोस्टाचं पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत बातमी शिळी होते. राहिलं ईमेल, ते मावशींच्या मुलाकडे होतं. आणि काकूंचं कॉम्प्युटरशी अजिबात जमत नव्हतं.

*

तुम्ही म्हणाल, मुलगा आयटीत आणि आईला ईमेल जमू नये? मुलगाच टाइप करून देईल की!

दिलं ना. पहिल्या रविवारी समीर लॅपटॉप घेऊन बसला. काकूंनी पाऊण तास सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी दिलेली संत्री, दत्ताकाकांचा गुडघा, इथल्या मेथीला नसलेला कडूपणा, नातीची परीक्षा, सगळं. समीरने टकटक केलं आणि मेल पाठवून दिलं.

“वाच बघू काय लिहिलंस,” काकू म्हणाल्या.

समीरने वाचलं. “येथे सर्व ठीक. तब्येतीची काळजी घे.”

“मी एवढंच बोलले?”

“आई, समरी तीच आहे!”

शिवाय काकूंनी मला बाजूला घेऊन खरी अडचण सांगितली. “अगं मंजू, सुनेबद्दल चार शब्द लिहायचे असतात. ते काय मुलाच्या हातून लिहून घेऊ?”

*

मग प्रसाद पुढे झाला. प्रसाद पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि जगातला कुठलाही प्रश्न युजर-फ्रेंडली करता येतो यावर त्याचा ठाम विश्वास. त्याने एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यातलं सगळं काढून टाकलं, आणि स्क्रीनवर एकच एक चित्र ठेवलं. पाकीट. “काकू, इथे दोनदा क्लिक करायचं. बस्स!”

काकूंनी एकदा क्लिक केलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

“काकू, दोनदा.”

“एकदा केलं की.”

“हो, पण पाठोपाठ दोनदा करावं लागतं.”

काकूंनी चष्मा काढला. “एकदा सांगून ऐकत नाही असलं काही घरात नको रे बाबा. तसे दोघं आहेत आधीच.”

दत्ताकाकांनी पेपर आणखी थोडा वर धरला.

नात रुचा शेजारून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजी, सो ईझी ला!”

“सोपं आहे म्हणणाऱ्याला शिकवता येत नाही, एवढं मला कळतं,” काकू म्हणाल्या. काकूंनी साताऱ्यात तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे प्रसादने मुकाट्याने माउस पुन्हा त्यांच्या हाताखाली दिला.

*

दोनदा क्लिक करणं अखेर जमलं. पुढच्या शनिवारी प्रसाद कपाळाला हात लावूनच आला. काय झालं म्हणून विचारलं, तर पासवर्ड!

प्रसादने विचार केला होता, की काकू विसरणार नाहीत असा एकच शब्द या जगात आहे. म्हणून त्याने पासवर्ड ठेवला ‘दत्तात्रय’. म्हणजे आमच्या काकांचं नाव! आता काकूंनी पन्नास वर्षांत नवऱ्याचं नाव उच्चारलेलं नाही. ‘अहो’, ‘हे’, फार तर ‘समीरचे बाबा’. त्या कॉम्प्युटरपुढे हात जोडल्यासारख्या बसून राहिल्या.

“अगं, टाक की,” पेपरमागून काका म्हणाले. “मी काही रागवत नाही.”

“तुम्ही गप्प बसा. असं कोरडं नाव घेतात का कुठे?”

आणि काकूंनी उखाणा घेतला. घसा खाकरून, चांगला खणखणीत.

“तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये वारा येतो छान,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, राखा कॉम्प्युटरचा मान!”

आणि मग एकेक अक्षर शोधून टाइप केलं. तेव्हापासून मेल उघडायचं म्हणजे आधी उखाणा. दार उघडंच असायचं, आवाज शाळेतल्या बाईंचा. कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना पाठ झाला!

प्रसाद काकुळतीला आला. “काकू, पासवर्ड असा मोठ्याने म्हणायचा नसतो हो!”

“मग काय उखाणा मनातल्या मनात घ्यायचा?”

काका पेपरमागे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण खरं सांगू का, एवढं करून मेलची खिडकी उघडायची आणि पुढे काकूंचं घोडं अडायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला त्यांचा हात धजेना. “कुसुमला मी असं परक्यासारखं नाही लिहिणार,” म्हणून त्या उठून जायच्या.

*

आता या सगळ्यात नंदू मागे कसा राहील! नंदू तुआसला जहाजांच्या दुरुस्तीच्या कामात. त्याच्या मते सॉफ्टवेअरवाल्यांना काही येत नाही, प्रश्न नेहमी हार्डवेअरचा असतो. तो कामासाठी अमेरिकेला गेला होता, तिथून खास काकूंसाठी एक यंत्र घेऊन आला. छोटा कीबोर्ड, वर चार बोटं रुंद पडदा, फोनच्या वायरला जोडायचं. फक्त ईमेल. दुसरं काही म्हणजे काहीच नाही.

जोडलं. बटण दाबलं. यंत्राने स्वतःच नंबर फिरवला, तो अमेरिकेतला फुकटचा एक-आठशेवाला नंबर. आता झालं असं, की तसेच एक-आठशेवाले फुकटचे नंबर सिंगापुरातही असतात. यंत्रातून कर्रर्र आवाज येण्याऐवजी एक गोड आवाज आला. “गुड आफ्टरनून, हाउ मे आय हेल्प यू?”

काकूंनी यंत्राशेजारी ठेवलेला घरचा फोन उचलला. काकूंचं इंग्रजी जुन्या वळणाचं, पण स्वच्छ. कुणीतरी आपणहून मदत विचारतंय म्हटल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. कुसुम, तिचे कान, मिरज, दोनदा क्लिक. ती मुलगीही गुणी, तिने मध्ये तोडलं नाही. शेवटी हळू आवाजात म्हणाली, “आंटी, वी ओन्ली रिपेअर एअरकॉन.”

“किती मायाळू पोर!” काकू फोन ठेवत म्हणाल्या. “पत्ता लिहून घेतलाय तिने.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन माणसं शिडी घेऊन हजर. हॉलचा एसी ठिबकतच होता, तो दुरुस्त झाला. ईमेलचं काही झालं नाही.

*

एकदा मी स्वतःच काकूंना घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरले. एका दुकानात चष्मा डोक्यावर चढवलेले एक चिनी अंकल होते. मी म्हटलं, ईमेल करणारं सोपं काहीतरी दाखवा. त्यांनी उत्साहाने एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. यावर गाणी ऐकता येतात, यावर फोटो निघतात, यावर सिनेमा.

“आंटी, धिस वन एव्हरीथिंग ऑल्सो कॅन!”

“एव्हरीथिंग नको,” काकू बोट वर करून म्हणाल्या. “वन थिंग.”

अंकलनी काकूंकडे पाहिलं. मग सगळ्या वस्तू एकेक करून परत खोक्यांत भरल्या.

“ओन्ली वन थिंग?” ते म्हणाले. “आंटी, दॅट वन नोबडी मेक ला.”

येताना आम्ही एमआरटीच्या ट्रेनने निघालो. नोव्हीना स्टेशनच्या आसपास काकू म्हणाल्या, “कुसुमला वाटत असेल, ताईने सिंगापूरला गेल्यावर बोलणंच टाकलं.” मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

*

आणि मग एके दिवशी काम अगदीच सहज झालं. माझं ऑफिस तोआ पायोहलाच, अकाउंट्समध्ये मी. काकू दुपारी थालीपीठ घेऊन आल्या. मी तेव्हा झेरॉक्सच्या मशीनवर एक व्हाउचर ठेवून बटण दाबत होते. ते मशीन कागदाचा फोटो काढून थेट ईमेलने पाठवायचं. रोजचंच काम.

“काय केलंस आत्ता?” काकूंनी विचारलं.

“काही नाही, मुंबईच्या ऑफिसला कागद पाठवला.”

“हाताने लिहिलेला?”

मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. थालीपीठ तसंच राहिलं. वर्षभर आम्ही सगळे हुशार लोक काकूंना टाइप करायला शिकवत होतो! त्यांच्यासारखं अक्षर अख्ख्या ग्रुपमध्ये कुणाचं नव्हतं, त्याचा विचारच कुणी केला नाही.

घरी बसेल असं छोटं मशीन समीरने आणलं. कागद ठेवायचा, हिरवं बटण दाबायचं, कागद मिरजेला कुसुममावशींच्या मुलाला, विनायकला जायचा. तो ऑफिसात प्रिंट काढून संध्याकाळी आईला द्यायचा, आणि मावशींचं उत्तर तसंच उलट पाठवायचा. इकडे प्रसादने अशी काही खटपट केली, की विनायकचं मेल आलं की कागद आपोआप बाहेर पडावा. पासवर्ड नाही, उखाणा नाही. चुकीचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून काकूंनी त्या हिरव्या बटणावर एक लाल टिकली चिकटवली.

“पण काकू, विनायक वाचेल की सगळं,” मी म्हटलं. “सुनेबद्दलचं वगैरे.”

“वाचू दे,” काकू म्हणाल्या. “त्याच्या बायकोबद्दल थोडंच असतं!”

*

यानंतरचे तीन-चार महिने आम्हाला ईस्ट कोस्टला बोलायला विषयच उरला नाही. मिरजेहून जवळजवळ रोज कागद यायचा आणि इकडून रोज जायचा. काकूंची तब्येतही सुधारली, असं दत्ताकाका म्हणत.

आणि एका शनिवारी काकूंचा फोन आला. “मंजू, मशीन बंद पडलंय गं. आठवडा झाला, कुसुमचा एक कागद नाही.”

आम्ही सायकली तशाच गाडीत टाकल्या आणि निघालो. नंदूने येतानाच स्क्रू ड्रायव्हर काढला होता. प्रसाद लॅपटॉप उघडून जमिनीवर बसला. समीरने सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. प्रसादने स्वतःच्या मेलवरून एक कागद पाठवला, तो सरळ बाहेर पडला. काकूंचे गेलेले कागद तपासले, सगळे मिरजेला पोचलेले. मशीनमध्ये काही म्हणजे काही बिघाड नव्हता.

प्रसादने लॅपटॉप मिटला. मशीन ठीक आहे याचा दुसरा अर्थ काय होतो, ते सगळ्यांच्या मनात आलं होतं. काकांनी टीव्ही बंद केला. काकू पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

“विनायकला फोन लाव,” त्या समीरला म्हणाल्या. “सगळ्यांना ऐकू येईल असा लाव.”

बराच वेळ रिंग वाजली. मग विनायकचा आवाज आला.

“विनायक, आई कशी आहे रे?”

“आई? ठणठणीत आहे की, मावशी.”

काकू खुर्चीत बसल्या.

“मग कागद का नाही आला?”

विनायक चाचरला. “मी रोज कोरा कागद ठेवतो पुढे. ती लिहीतच नाही. तुम्ही मागच्या खेपेला लिहिलंत ना, की आजीच्या मेतकुटाची खरी कृती फक्त तुम्हाला माहिती आहे, आईचं आपलं अंदाजपंचे...”

“बरं, मग?”

“मग काय! कागद टेबलावर आपटला. म्हणाली, सांग तुझ्या मावशीला, या जन्मात बोलणार नाही तिच्याशी.”

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. समीरने तर फोन बंद करायला हातच पुढे केला. काकूंनी त्याचा हात धरला.

“रुसली?” त्या म्हणाल्या. “माझ्यावर?”

“जाम रुसलीय, मावशी. तुम्हीच काहीतरी करा आता.”

काकूंनी डोळे पुसले, एकदा, मग पुन्हा एकदा. मग उठल्या, नंदूच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

“मशीनला कुणी हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “अगदी उत्तम चाललंय.”