अप्पांचा वरचा मजला

आमच्या गल्लीत पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याला दगडावर उभं करायची पद्धत होती. पाणी तसंही नव्हतंच. तो दगड आमच्या दारासमोर होता आणि रस्त्यापलीकडे शिवमूर्तीअप्पा पेंटरचं घर. अप्पा पाहुण्याचे खांदे धरून त्याला दगडावर चढवत, त्याची हनुवटी जरा वर करत आणि सकाळचे दहा वाजायची वाट बघत. दहा वाजले की समोरचं घर अंग झाडून उभं राही. कोरीव खांब, कमानी, वरचा मजला, मजल्याला सज्जा, सज्ज्याच्या कठड्यावर काठोकाठ भरलेला हंडा! पाहुणा "अबब" म्हणून दगडावरून उतरे, दोन पावलं बाजूला सरके आणि खांब दारू प्यायल्यागत कलंडत. कारण खांब नव्हते, सज्जा नव्हता आणि वरचा मजला तर मुळीच नव्हता. एका खोलीच्या घरापुढं अप्पांनी दोन पुरुष उंच भिंत उठवली होती आणि तिच्यावर ओल्या चुन्यात हे सगळं रंगवलं होतं. भिंतीमागं वर नुसतं आभाळ.

"भिंत खोटं बोलत न्हाई," अप्पा म्हणत. "बघणाराच चुकीच्या जागी उभा ऱ्हातो."

अप्पा पूर्वी एका नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. कंपनी नांदेडात बुडाली. राजे, प्रधान आपापल्या गावी गेले. अप्पा लातूरला आले आणि येताना डोक्यात सगळे राजवाडे घेऊन आले. सावल्या त्यांनी दहाच्या उन्हाच्या रंगवल्या होत्या. दुपारी चारला खरी सावली एकीकडं पडे आणि रंगातली दुसरीकडं. त्या वेळी अप्पा स्वतःच दगडावर आडवे होत आणि कुणाला चढू देत नसत.

त्या भिंतीनं काय काय केलं म्हणून सांगू! दुष्काळात कावळे त्या हंड्यावर चोची मारून मारून दमले. आमच्या गल्लीतल्या कावळ्यांच्या चोची आजही बोथट आहेत, खोटं वाटत असेल त्यानं येऊन बघावं. बाजाराला निघालेला एक देवणी बैल ऊन लागलं म्हणून कमानीत शिरला आणि शिंग मोडून बाहेर आला. बाहेरच होता म्हणा.

या सगळ्या वैभवामागं नागव्वा राहत होती. अप्पांची बायको. खालच्या मजल्यावर, म्हणजे असलेल्या एकाच मजल्यावर, अप्पांनी मोठी खिडकी काढली होती. दोन्ही दारं सताड उघडी, आणि खिडकीत गालाला हात लावून बसलेली खुद्द नागव्वा, वारा खात. घराला खरी खिडकी मात्र एकही नव्हती. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढं हे चित्र. आत चूल पेटली की धूर फिरून फिरून नागव्वाच्याच डोळ्यांत जाई.

"भाईरची नागव्वा हवा खाऊन राहिली, आतली धूर खाऊन राहिली," ती म्हणायची. "आवं, एक भोक तरी पाडा."

"चित्राला भोक पाडू?" अप्पा कानांवर हात ठेवत. "तुला खिडकी दिली की."

"दिली. आतून कुठं हाय ती?"

शिवाय टँकरच्या पाण्यातली एक घागर अप्पा रोज चुन्यात घालत. नागव्वाची तोंड धुवायची मारामार, भिंत मात्र टवटवीत.

अशात लातूर जिल्हा झालं. हापिसं आली, हापिसांना जागा नव्हत्या. साहेबलोक भाड्याची घरं हुडकत गल्लोगल्ली फिरू लागले. एक साहेब आमच्या गल्लीत आले ते नेमके दहाला, आणि गाडीतून उतरताना चिखल नको म्हणून पाय ठेवला तो नेमका त्या दगडावर. चिखल नव्हता, साहेब पुण्याकडचे होते, त्यांना सवय होती.

"वा! वरचा मजला आपण घेऊ," साहेब म्हणाले. "खाली गर्दी नको." शिपाई जिना शोधायला गेला. तो घराला अंग घासत तीन वेळा आला-गेला. इकडं अप्पा साहेबांच्या मागं खुसूखुसू हसत उभे, आणि साहेबांनी खिडकीकडं बघून हात जोडले. "बाई, मालक आहेत का?"

बाई गालावरचा हात काढीना. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तेव्हा भिंतीच्या आतून खोकला आला आणि मागोमाग आवाज:

"हाव, तुमच्याच मागं उभे हायत. तिला नगा इचारू. ती बोलत न्हाई!"

साहेब इतके हसले की गाडीत बसेपर्यंत त्यांची टोपी शिपायालाच सांभाळावी लागली. अप्पा तर हवेत होते. "सरकार फसलं! आख्खं सरकार!" ते गल्लीभर सांगत सुटले.

नागव्वाला मात्र हसू आलं नाही. साहेबानं चित्रातल्या नागव्वाला नमस्कार केला होता, ह्या नागव्वाला नव्हे. तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि आतून भिंतीवर पहिला दणका घातला.

बाहेर चुन्याचा ढलपा पडला. अप्पांनी किंकाळी फोडली. "थांब! तिथं खांब हाय! खांब पाडलास तर वरचा मजला खाली यील!"

मी त्यांना धरलं. "अप्पा, वर मजला नाही."

"तू गप! मजला माझा हाय!" अप्पांनी माझा हात झटकला. आत दुसरा दणका. मग त्यांनी भिंतीला तोंड लावलं आणि रडकुंडीला येऊन ओरडले, "नागव्वा, खांब सोड! डावीकडं सरक! अजून... अजून... हां. आता मार!"

आणि खांब वाचवण्यासाठी अप्पांनी स्वतःच्या तोंडानं आपली खिडकी फोडून घेतली. कच्च्या विटा ढासळल्या, रंगातली नागव्वा गालाच्या हातासकट खाली आली आणि भगदाडातून चुन्यानं पांढरीफटक झालेली खरी नागव्वा बाहेर डोकावली. तिनं एक लांब श्वास घेतला. तिच्यामागून धूर बाहेर आला, किती वर्षांचा कोण जाणे.

अप्पा रस्ता ओलांडून दगडावर चढले. एक डोळा मिटून बघू लागले.

"सावली चुकली," ते म्हणाले. "तोंड जरा इकडं कर. हां. हलू नगंस."

पुढं पाऊसपाणी सुधारलं, आणि त्यानंच भिंतीचा घात केला. आधी हंडा गेला, मग सज्जा, मग खांब. तोवर अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी दहाला ते चाचपडत दगडावर येऊन बसत.

"नागव्वा, मजला कसा हाय?"

समोर पोपडे धरलेली ओकीबोकी भिंत. खिडकीत गालाला हात लावून नागव्वा. "ठणठणीत हाय," ती म्हणायची. "आताच एक कावळा हंड्याला धडकला बगा."

अप्पा सुखानं हसत. एकदा त्यांनी माझा हात धरला. "काय रं, एवढा जिल्हा झाला. माझ्यासारखा मजला हाय का कुणाकडं?"

मी भिंतीकडं पाहिलं. नागव्वानं खिडकीतून डोळे वटारले.

"न्हाई अप्पा," मी म्हणालो, "आख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

लोक मला थापाड्या म्हणतात. पण अप्पांना दिलेलं हे उत्तर कुणीही तपासून घ्यावं. अप्पा गेले त्या दिवशीही नागव्वा दहाला खिडकीत आली. मी दगडावर जाऊन उभा राहिलो. बरोबर जागेवर.