सोळा मिनिटांची मॅच, दीड तासाचा सत्कार

पंच शिट्टी तोंडात धरून मैदानाच्या मधोमध उभा होता. दोन्ही संघांचा वॉर्मअप होऊन, अंग गार पडून, पुन्हा वॉर्मअप झाला होता. आणि स्टेजवर औशाच्या एका माजी उपसभापतींचा सत्कार चालू होता.

"आता सत्काराला उत्तर देण्यासाठी मी साहेबांना विनंती करतो," निवेदक म्हणाला.

साहेब उठले आणि त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. सूर्य मात्र कुणाच्या विनंतीला थांबत नाही, आणि लातूरच्या त्या मैदानावर लाइट नाहीत. मॅचच्या दुसऱ्या हाफमध्ये चेंडू कुणाच्या हातात आहे हे पंचालाच दिसेना. शेवटी त्यानं मॅच बरोबरीत सोडवली.

मी तिथं खेळ बघायला गेलो नव्हतो. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. या रग्बी लीगचं ऑडिट माझ्याकडे होतं, म्हणून मांडीवर व्हाउचरची फाइल घेऊन बसलो होतो. व्हाउचर म्हणजे खर्च झाला याचा कागदी पुरावा. माझ्या मांडीवर जेवढे कागद होते त्यातले निम्मे एकाच दुकानाचे होते. ते दुकान शाली विकत होतं.

आधी हा खेळ सांगतो. एका बाजूला सात खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन हाफ आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, म्हणजे सोळा मिनिटांत कारभार आटोपतो. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. तो हातानं पुढे फेकायचा नाही. आपल्या माणसाला द्यायचा तर बाजूला किंवा मागे द्यायचा, आणि पळत मात्र पुढे जायचं. समोरच्या रेघेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की त्याला ट्राय म्हणतात. ट्रायला पाच गुण.

आमची लीग चार संघांची. लातूर, नांदेड, उदगीर आणि देगलूर. खेळाडूंना सीझनभर महिन्याचा पगार, म्हणून ती व्यावसायिक लीग. काढली वसीम सरांनी. वसीम सर लातूरचेच. घरचं बांगड्यांचं दुकान, पण ते भावाकडे सोपवून ते शाळेत खेळाचे शिक्षक झाले. टीव्हीवर रग्बीची मोठी लीग बघून त्यांच्या डोक्यात हे भरलं आणि त्यांनी शाळेची नोकरी सोडली. पैसा आणि अध्यक्षपद व्यंकटराव आप्पांकडे. आप्पांची डाळमिल आहे, औशाकडे शेती आहे आणि माणसं जोडायची जुनी सवय आहे.

पहिल्या सीझनला मैदानावर प्रेक्षकांपेक्षा शेळ्या जास्त असत. दुसऱ्या सीझनला शेळ्यांना जागा उरली नाही. इतकी गर्दी की बांबूचे कठडे वाढवावे लागले. तिकीट होतं, तेही लोक काढत होते. आणि तरीही बँकेतली शिल्लक दर महिन्याला खाली जात होती. लोकप्रियता वर आणि शिल्लक खाली, असं कुठेही दिसलं की ऑडिटर एकच गोष्ट बघतो. 'किरकोळ' या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, काय लपलंय.

दुसऱ्या दिवशी मी डाळमिलमध्ये गेलो. वसीम सर आधीच येऊन बसले होते.

"आप्पा, हे किरकोळ किरकोळ नाही," मी म्हणालो. "शाल, श्रीफळ, फेटा, हार, बुके. हा सगळा खर्च खेळाडूंच्या पगाराच्या वर गेलाय."

"मग? मानूस बोलावल्यावर मोकळ्या हातानं लावून द्यायचं का?"

"बोलवायचंच कशाला?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लग्नात जेवण कशाला असं विचारलं होतं.

वसीम सर म्हणाले, "साहेब बरोबर सांगून राहिलेत, आप्पा. पोरं तीन वाजल्यापासून उभी राहतात. काल आपला कॅप्टन टॉससाठी गेला, तर निवेदकानं त्याच्याच गळ्यात हार घातला. त्याला वाटलं हे कोणी सरपंच आहेत."

"सत्कार न्हाई केला तर गर्दी येतीय का?"

"गर्दी खेळ बघायला येते," मी ठामपणे सांगितलं.

"हाव का? मग काल पहिला ट्राय कुणी मारला सांगा बरं."

मला सांगता आलं नाही. मी व्हाउचर बघत होतो.

"बघा," आप्पा म्हणाले. "तुम्ही पन खेळ बघायला आला नव्हता."

पण या वेळी वाद आप्पांच्या हातात राहिला नव्हता. पुण्याच्या एका पाइप कंपनीनं पुढच्या तीन वर्षांची स्पॉन्सरशिप देऊ केली होती. अटी दोन. पहिली, ही लीग 'गोइंग कन्सर्न' आहे असं माझं सर्टिफिकेट. गोइंग कन्सर्न म्हणजे चालती संस्था, जी पुढच्या वर्षीही चालेल असं हिशेबावरून दिसतं. दुसरी, कंपनीच्या मार्केटिंगच्या मॅडम नांदेडचे सामने स्वतः येऊन बघणार. सामने मोबाइलवर लाइव्ह दिसणार, म्हणून पाच म्हणजे पाचला सुरू व्हायला हवेत. स्पॉन्सर मिळाला नाही तर पुढच्या महिन्याचे पगार निघत नव्हते. लीग बंद, पोरं घरी. आणि वसीम सरांची शाळेतली जागा तर केव्हाच भरली होती.

मी लेखी शिफारस दिली. नांदेडला एकही सत्कार करू नये.

"तुमच्या शब्दावर करून रायलो, सीए साहेब," आप्पा म्हणाले. "पुढं काय झालं तर मला बोलू नका."

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमचा कधी कुणी सत्कार केला नाही, म्हणून तुम्हाला दुसऱ्याचा बघवत नाही." ती नांदेडची. नांदेडच्या माणसांना एकाच वेळी इतक्या शालींपासून वंचित करणं तिला पटलं नव्हतं.

नांदेडचा दिवस उजाडला. पाचला शिट्टी वाजली. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. मी समाधानानं घड्याळ बघितलं आणि मग मान वर केली.

स्टँडमध्ये कुणी नव्हतं.

कुणीच नव्हतं म्हणणं ऑडिटरला शोभत नाही. मी होतो. आप्पा होते, हाताची घडी घालून. माझा मेहुणा संतोष होता, नांदेडला टायरचं दुकान चालवतो. फुगेवाला होता. आणि व्हीआयपी सोफ्यावर पुण्याच्या मॅडम होत्या, मोबाइलमध्ये आमच्याच लातूरच्या मॅचचा व्हिडिओ लावून.

"यात एवढी गर्दी दिसते आहे," त्या मला म्हणाल्या. "ही कुठे आहे?"

"येईल," मी म्हणालो. आयुष्यात पुराव्याशिवाय केलेलं ते माझं पहिलंच विधान.

उदगीर आणि देगलूरची पहिली मॅच संपली. टाळ्या वाजल्या त्या सगळ्या ओळखू येत होत्या. दुसरी मॅच सुरू झाली. तिसरी आणि शेवटची मॅच लातूर विरुद्ध नांदेड होती. मॅडमनी मोबाइलवर गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर काढलेला मी बघितला. वसीम सर मैदानाच्या कडेला उभे होते. ते खेळाकडे बघत नव्हते. रिकाम्या स्टँडकडे बघत होते.

संतोष माझ्या कानाशी आला. "दाजी, माणसं आलीत की."

"कुठंयत?"

"भाईर. टपऱ्यांवर च्या पिऊन राहिलीत. मुखेडच्या जिपा आल्यात, बिलोलीच्या आल्यात. गेटावर पोरानं सांगितलं, आज सत्कार नाही. मग सगळे तिथंच बसले."

"अरे, पण खेळ आहे ना आत!"

"दाजी, शाल घ्यायला माणूस एकटा येतो का? एक जण शाल घेतो, पंचवीस जण बघायला येतात. ते पंचवीस तिकीट काढतात. सत्कार झाला की मग बसल्या बसल्या मॅच बघतात. आवडली की पुढच्या वेळी आपलं आपण येतात. तुम्ही शालच कापली."

मी खर्चाचं हेड बघितलं होतं. त्याच हेडमधून जमेची बाजू भरत होती, हे मला दिसलं नव्हतं. माझ्या कागदांवर शाल आणि तिकीट वेगवेगळ्या पानांवर होती.

मी आप्पांकडे गेलो. "आप्पा, शाली आहेत का गाडीत?"

"एक बी न्हाई," आप्पा शांतपणे म्हणाले. "तुमचं लेखी हाय. मी मोडत न्हाई."

वसीम सर धावत आले. "आप्पा, काहीतरी करा. मॅडम निघाल्या तर संपलं."

आप्पांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "वसीम, आमच्या जत्रंत कुस्त्या व्हत्या, तवा पैलवानाला इनाम कोन द्यायचं?"

"बघणारे द्यायचे."

"आन द्यायचे कशासाठी?"

वसीम सर काही बोलायच्या आत आप्पा उठले, निवेदकाच्या हातातला माइक घेतला आणि मैदानाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं. भोंगे तिकडेच होते.

"राम राम मंडळी! च्या संपवा आन आत या. आज शाल न्हाई, श्रीफळ न्हाई. पर जो ट्राय मारनाऱ्या पोराला इनाम लावंल, त्याचं नाव गावासकट या माइकवरनं तीन डाव घेतलं जाईल. लातूरवाल्यांनी सुरुवात केलीय. नांदेडवाले कुठं हायत?"

लातूरवाल्यांनी कसलीही सुरुवात केली नव्हती. मी तसं म्हणणारच होतो, तेवढ्यात आप्पांनी माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, "सीए साहेब, पाचशे एक काढा."

मी काढले. माझं नाव भोंग्यातून नांदेडच्या रस्त्यावर तीन वेळा गेलं. काय सांगू, बरं वाटलं.

दुसरी मॅच संपायच्या आत तिकिटाच्या खिडकीवर रेटारेटी सुरू झाली. लातूरच्या माणसानं नांदेडात येऊन इनाम लावलं ही गोष्ट नांदेडला सहन होण्यासारखी नव्हती. मुखेडच्या एकानं हजार एक पुकारले. बिलोलीच्या एकानं त्याच्यावर शंभर चढवले. औशाहून आलेले आमचे लोक मग कशाला मागे राहतात?

मी आप्पांच्या कानात म्हणालो, "पावती द्यावी लागेल."

"द्या की."

"आणि निम्मं इनाम पोराला, निम्मं पगाराच्या खात्यात. तसं माइकवर सांगा, नाहीतर मी सही करणार नाही."

आप्पांनी तसं सांगितलं. कुणाचीच हरकत नव्हती. पैसा कुठे जातो यात कुणाला रस नव्हता. नाव बरोबर घेतलं जातंय ना, एवढंच सगळे बघत होते.

शेवटची मॅच झाली तेव्हा मी पावतीपुस्तक घेऊन स्टँडच्या पायऱ्या चढत-उतरत होतो. "नाव सांगा. गाव सांगा. सुट्टे द्या." मागे प्रचंड आरडाओरडा होत होता. एकदा सगळा स्टँड उभा राहिला आणि माझं पेन खाली पडलं. एका आजोबांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. "सरका की ओ मधून! पोरगं पळून राहिलंय!"

मी सरकलो. पेन शोधलं. वर आलो तोवर ट्राय होऊन गेला होता.

मॅच संपल्यावर मॅडम माझ्याकडे आल्या. त्यांचे केस विस्कटले होते आणि आवाज बसला होता.

"हे इनामाचं तुमच्या फॉरमॅटमध्ये आधीपासून आहे?"

"आजपासून आहे," मी खरं ते सांगितलं.

"आमच्या कंपनीचं नाव घेतील का तीन वेळा?"

"पावती फाडावी लागेल."

त्या हसल्या. "आणि तो शेवटचा ट्राय! काय पळाला तो मुलगा! कोण होता हो?"

मी मागे बघितलं. आप्पा माझ्याकडेच बघत होते आणि गालात हसत होते. "सांगा की," ते म्हणाले.

कराराची सही महिन्याभरात झाली. माझं सर्टिफिकेटही गेलं. त्यात मी लिहिलं की संस्था चालती आहे. का चालती आहे ते लिहायला त्या फॉर्ममध्ये जागा नसते. वसीम सरांनी उदगीरला मुलींचा संघ सुरू केलाय. मॅच वेळेवर सुरू होतात, कारण माइकवर नाव यायचं तर आधी ट्राय व्हावा लागतो, हे सगळ्यांना कळलंय. आता भाषण लांबलं तर स्टँडमधूनच कुणीतरी ओरडतं.

या प्रकरणातून मी धडा घेतला तो एवढाच. खर्चाचं हेड कापण्याआधी उठून मैदानाच्या गेटापर्यंत जाऊन यावं. तिथं चहा पीत कोण बसलंय ते व्हाउचरवर दिसत नाही.

सीझनच्या शेवटी लातूरला आप्पांनी एकच सत्कार ठेवला. माझा. मी एकटाच जाणार होतो. पण बायको म्हणाली मी येते. मग संतोष नांदेडहून सहकुटुंब निघाला, त्याच्याबरोबर सासूबाई, मेहुणी, मेहुणीच्या जाऊबाई. आमच्या कॉलनीतले दोघे-तिघे आपणहून आले. स्टेजवर उभं राहून मी सवयीनं मोजलं, तर माझ्या एका शालीमागे दोन जिपा भरून माणसं होती. सगळ्यांनी तिकिटं काढली होती. पहिल्या मॅचनंतर एकही जण उठला नाही.

ऑडिटरनं क्लायंटकडून भेट घेऊ नये असा आमचा नियम आहे. म्हणून शालीचे पैसे मी स्वतः भरले आणि पावती घेतली. नाव मात्र त्यांनी तीन वेळा पुकारलं. त्याचं बिल अजून आलेलं नाही.