मास्तर, बॉबिन आणि जमिनीवरचं कापड

आमच्या समोरच्या दारात शिवणकाम करणारे मास्तर राहतात. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर ते कधी मोठ्यानं म्हणत नाहीत, गुपचूप टिपून घेतात. इतका सभ्य माणूस शेजारी असला की आमच्यासारख्यांची फार उपासमार होते. पण त्यांच्या लेकीला दूर नोकरी लागली आणि जाताना तिनं आईबापांच्या पदरात एक पिल्लू टाकलं, तेव्हापासून माझे दिवस बरे आले.

पिल्लू तपकिरी आणि गुटगुटीत. शिलाई मशीनखाली पायाशी जाऊन बसायचं, म्हणून मास्तरांनी नाव ठेवलं बॉबिन. लेक गेल्यापासून ज्या माणसानं संध्याकाळी मशीनशिवाय कुणाशी धड बोलणं सोडलं होतं, तो आता तोंडातल्या टाचण्या काढून बॉबिनशी गप्पा मारायला लागला. मास्तरांच्या घरच्या बाई मला म्हणाल्या, माझ्याशी बोलताना कधी टाचण्या काढल्या नाहीत, त्याच्याशी बोलायला काढतात.

आता शिस्त. लेकीनं फोनवरून सांगितलं होतं की कोपऱ्यात रद्दी पसरा, तिथे शू केली की शाबासकी आणि बिस्कीट द्या. शिंप्याच्या घरात रद्दी कुठली? चिंध्यांची मात्र पोती. मास्तरांनी चिंध्या पसरल्या. पिल्लू हुशार निघालं, बघता बघता शिकलं. मास्तरांनी अख्ख्या इमारतीला थांबवून थांबवून सांगितलं. दूधवाल्याला तर दोनदा.

पण मास्तर कापड बेततात ते जमिनीवर. उमेदवारीत तसंच शिकले, तसंच मुरलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बाईंनी हट्टानं एक लांबरुंद टेबल आणवलं होतं. त्यावर आजवर ट्रंका, जुन्या गाद्या आणि बिघडलेला पंखा एवढ्यांनीच संसार केला.

तर एका सकाळी मास्तरांनी शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या कोटाचं कापड जमिनीवर अंथरलं, खडूनं रेघा मारल्या आणि कात्री शोधायला उठले. बॉबिननं कापड पाहिलं, हुंगलं, बरोबर मधोमध जाऊन काम उरकलं आणि शाबासकीसाठी मास्तरांपुढे शेपटी हलवत येऊन बसला. मास्तरांचा हात सवयीनं बिस्किटाच्या डब्यात गेला. नेमक्या तेव्हाच बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

कापड धुतलं, वाळलं, निभावलं. पण बाईंनी निकाल देऊन टाकला. पुन्हा गिऱ्हाइकाचं कापड भिजलं, तर पिल्लू त्यांच्या भावाच्या गोदामावर जाईल. भाऊ वाईट नाही हो, पण तिथे साखळी आहे.

मास्तर माझ्या दारात आले ते तोंड पाडून.

"वहिनी, त्याला समजावू तरी कसं?"

मी म्हटलं, "त्याला समजलंय, मास्तर. कापडावर करायचं, असं तुम्हीच पढवलंत ना? आता तुमच्या घरात कापड कुठे पडलेलं नसतं, ते सांगा."

ते तसेच घरी गेले. पण दुपारी समोरून धडाधड आवाज यायला लागले. ट्रंका उतरल्या, गाद्या गेल्या, पंखा गॅलरीत गेला. मास्तर आयुष्यात प्रथमच उभं राहून बेतायला लागले. आधी हात बसेना. माझ्या ह्यांच्या सदऱ्याची एक बाही त्याच आठवड्यातली आहे. मी ती चारचौघांत दाखवते.

आणि बॉबिनचं नवं शिक्षण सुरू झालं. खाणं झालं की मास्तर त्याला काखोटीला मारून जिना उतरणार, गळ्यात टेप तशीच, आणि आवारातल्या झाडाखाली उभं राहून विनवणार, "कर रे बाळा, कर." मी गॅलरीतून विचारायची, कोण कोणाला फिरवतंय? ते खालून हात हलवायचे. एकदा तर मापाला आलेलं गिऱ्हाईक एक हात आडवा धरून तसंच उभं, आणि मास्तर खाली.

एके दिवशी मी त्यांच्याकडे बसले होते. टेबलावरून पडद्याचं कापड सरकलं आणि सगळं जमिनीवर आलं. बॉबिन उठला, कापडापाशी गेला, हुंगलं. मास्तरांची कात्री हवेत. बाईही दारात थबकल्या. बॉबिननं एकदा आमच्याकडे पाहिलं, कापडाला वळसा घातला आणि दारापाशी जाऊन पंजानं खरवडायला लागला. मास्तर कात्रीसकट खाली पळाले.

पण कोटाचं कापड भिजलं तेव्हाच बाईंनी रागाच्या भरात भावाला निरोप धाडला होता. त्याला सवड झाली ती नेमकी पडद्याच्या दिवशी, संध्याकाळी तो पिशवी घेऊन हजर. मास्तर मशीनवर मान खाली घालून बसले होते, सुईत दोरा नव्हता तरी पाय चालू होता.

बाईंनी भावाला चहा दिला. मग पिशवीची घडी घालून त्याच्याच हातात ठेवली.

"नको नेऊस. हा गेला की हे परत जमिनीवर बसतील."